धरणात गेलेल्या गावाच्या आठवणी आणि जुने फोटो गोळा करतोय, अनुभव सांगा

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठाला होतं, ते उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० ला पूर्ण झालं. माझा जन्म नवीन गावठाणातला, म्हणजे जुनं गाव मी नांदतं कधी बघितलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे. घरात कुणीही म्हातारं माणूस "गावात" म्हणालं की ते पाण्याखालच्या गावाबद्दल बोलतंय हे आम्हा पोरांना लहानपणापासून कळायचं. आम्ही राहतो त्याला सगळे "गावठाण"च म्हणतात.

नेटवर आमच्या भागाचं नाव टाकलं की काय दिसतं तर पळसदेवचं पाण्यातून वर आलेलं देऊळ आणि फ्लेमिंगो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये लई खाली गेलं तेव्हा तर पुण्याहून गाड्याच्या गाड्या, ड्रोन, रील सगळं झालं. चांगलंच आहे, नावेवाल्यांना दोन पैसे मिळाले. पण त्या देवळाभोवती माणसं राहत होती, त्यांची घरं होती, तालीम होती, आळ्या होत्या, ते कुणी विचारत नाही. ज्यांनी स्वतः संसार मोडून बैलगाडीत घातला ती माणसं आता ऐंशीच्या पुढची. गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतली दोघं गेली.

तर ठरवलंय की फोनवर रेकॉर्डिंग करायचं आणि घराघरातले फोटो जमवायचे. प्रश्न असे की म्हाताऱ्या माणसांना विचारायचं काय आणि कसं, फोटोंची कॉपी नीट कशी काढायची आणि हे सगळं ठेवायचं कुठं. कुणी असं काम केलं असेल तर जरूर लिहा.

सातारी_कंदी
आधी माणसं, मग फोटो. फोटो कपाटात अजून दहा वर्षं टिकंल.

कोयनामाई
आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. तुमचं निदान अख्खं गाव जवळच वर येऊन बसलं तरी, आमच्या खोऱ्यातली माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली अशी पांगली. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो महाराष्ट्रात आला १९७६ ला. एका भावकीतला एक भाऊ भाताच्या मुलखात आणि दुसरा ज्वारीच्या, दोघांची नातवंडं भेटली तर बोलीसुद्धा वेगळी.

रेकॉर्डिंगचं सांगते. साल विचारू नका. "आजी, हे कधीचं?" म्हटलं की ती म्हणणार "लई वर्सं झाली बाळा" आणि विषय संपला. त्यांचं कॅलेंडर वेगळं असतं. आमच्याकडे सगळं "भूकंपाच्या आधी" नाहीतर "भूकंपानंतर". ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढे धरणी हलली, ती वेळ कुणीही विसरलेलं नाही. तुमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ पक्का असणार. मग विचारायचं, दुष्काळाच्या आधी की मागनं? तुमचं लगीन झालं होतं का? थोरला केवढा होता, चालत होता की कडेवर? एवढ्यावर साल बरोबर निघतं. पुण्याच्या बाजूला ज्याचा संबंध आहे त्याला पानशेत (१९६१) चालतं, मराठवाड्यात रझाकार आणि पोलीस अ‍ॅक्शन (१९४८). आमची पणजी तर वडिलांकडून ऐकलेलं मानमोडीच्या साथीपासून मोजायची.

नुसतीच_वाचते
मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा ना? आमच्या आजीकडे पण हा शब्द होता. छान धागा, वाचतेय.

जुनाकॅमेरा
फोटोंबद्दल लिहितो, हा माझा रोजचा उद्योग आहे.

१. काचेच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका. चेहऱ्याचा पापुद्राच काचेला राहतो. तसाच काचेसकट फोटो काढा. ओसरीत किंवा पत्र्याच्या सावलीत, फ्लॅश बंद, फोन जरासा तिरका धरून काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसणार नाही असं बघून. काळा शर्ट घाला, खरंच फरक पडतो.

२. सुटा फोटो असेल तर फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय, शक्यतो टिफ. ऑफिसातला कागद ओढून घेणारा स्कॅनर जुन्या फोटोला चुकूनही लावू नका.

३. फोटोची मागची बाजू पण स्कॅन करा. लोक हे कायम विसरतात. मागं स्टुडिओचा शिक्का असतो, गावाचं नाव असतं, कधी जांभळ्या शाईत तारीख. शिक्क्यावरून निदान फोटो बारामतीला काढला की भिगवणला की जत्रेत एवढं कळतं.

४. लॅमिनेशन करू नका. चिकट पानांचे ते अल्बम, वर प्लॅस्टिकची फिल्म असते ते, फोटोंचे शत्रू आहेत. पावसाळ्यात आत ओल धरते आणि बुरशी येते.

५. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून मागवला तर तो दाबून बारीक होऊन येतो. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

६. आणि नावं. डावीकडून उजवीकडे, बसलेले, उभे, खाली मांडी घातलेली पोरं. त्याच दिवशी लिहा. विनानावाचा ग्रुप फोटो वीस वर्षांनी कुणाच्याच कामाचा नसतो.

आणखी एक. तालुक्याच्या गावातले जुने स्टुडिओ शोधा. बऱ्याच जणांनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह चांदी काढणाऱ्याला किलोवर घालून टाकल्या, पण कुणाकडे माळ्यावर एखादा खोका शिल्लक असतो. मला असाच एक मिळाला, त्यात एका गावातली लग्नंच्या लग्नं होती आणि ज्यांची लग्नं त्यांच्या घरी एकही फोटो नव्हता.

भीमाकाठ
कोयनामाई, जुनाकॅमेरा, दोघांचे मनापासून आभार. मागची बाजू स्कॅन करायचं डोक्यातच आलं नसतं. दुष्काळाचं अगदी खरं, आमच्याकडे "मिलो खाल्ली त्या सालात" असं म्हणतात. अमेरिकेची ती लाल ज्वारी, रेशनला मिळायची. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली माणसं घराघरात आहेत.

गावकुस
चांगलं काम आहे, म्हणूनच थोडं टोचणारं लिहितो, राग मानू नका.

फोटो कुणाकडे असणार? वाड्यावाल्यांकडे. पाटलाच्या घरी मुंजीचा, लग्नाचा, बैलजोडीचा फोटो असतो. आमच्या वस्तीत, म्हणजे गावकुसाबाहेर, १९७० साली कुणाच्या घरात फोटो होता? माझ्या आज्याचा एकमेव फोटो आहे तो नोकरीच्या ओळखपत्रावरचा, चिकटपट्टीएवढा, त्यावर अर्धा शिक्का. फोटो जमवून गावाचा इतिहास लिहिलात तर तो आपोआप चार वाड्यांचा इतिहास होतो, कुणाच्या मनात वाईट नसताना.

दुसरं, "आमचं गाव किती गोड होतं" हे सगळे सांगतील. पाणवठे किती होते ते विचारा. कोण कुठलं पाणी भरायचं ते विचारा. गाव बुडालं तेव्हा कुणाला जमिनीला जमीन मिळाली आणि ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो बलुत्यावर किंवा मजुरीवर जगत होता, त्याला काय मिळालं ते विचारा. आमच्याकडच्या एका आजीने मला सांगितलं की नवीन गावठाणात पहिल्यांदा प्लॉट एका रांगेत पडले, तिला ते आवडलं होतं. जुनं गाव गेल्याचं दुःख सगळ्यांना सारखं नव्हतं. हे पण रेकॉर्ड झालं पाहिजे.

सातारी_कंदी
+१००. वरचा प्रतिसाद धाग्याच्या डोक्यावर चिकटवून ठेवा.

बांधावरचा
गावकुस, मुद्दा मान्य, पण प्रत्येक गोष्टीत हे आणलं की लोक बोलायचीच बंद होतात. आधी सुरुवात तर होऊ द्या. म्हातारी माणसं आहेत, त्यांना जुने वाद उकरायला लावून काय मिळणार.

गावकुस
बांधावरचा, वाद कुणी उकरायचा म्हणत नाही. पाणवठा कुठं होता हा साधा प्रश्न आहे. तो विचारला नाही तर नकाशावर एकच विहीर येईल आणि पुढच्या पिढीला वाटेल सगळे तिथंच पाणी भरायचे.

मोडीवाला
माझं मत जरा वेगळं. आठवणी जमवा, पण त्यालाच इतिहास म्हणू नका. महाराष्ट्रातलं निम्मं गाव सांगतं की आमचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उरलेलं निम्मं सांगतं हेमाडपंती आहे. कागद बघा आधी. धरणग्रस्त गावांचं तर नशीब असं की जेवढं कागदावर त्यांचं आलंय तेवढं दुसऱ्या कुठल्या गावाचं आलेलं नाही.

भूसंपादनाचा निवाडा काढा. त्यात घरागणिक मोजमाप असतं, भिंत मातीची की दगडाची, वर माळवद की पत्रा, विहीर बांधीव की कच्ची, आंब्याची झाडं किती, बाभळी किती, प्रत्येकाची किंमत. भूमी अभिलेख कार्यालयात जुना गावनकाशा मागा. १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे, त्यात गाववार लोकसंख्या आणि शाळा-दवाखाना आहे की नाही ते दिलंय. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर शाळेबरोबर नवीन जागेत आलेलं असतं, ते सोनं आहे. जुनी पानं मोडीत असतील, वाचायला लागली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मधल्या_आळीतली
मोडीवाला, निवाड्यात आंब्याची झाडं मोजलीत, पण त्यातल्या कुठल्या आंब्याला काय म्हणायचे, शेपू म्हणायचे की गोटी, आणि कुठल्या झाडाखाली पोरीबाळी नागपंचमीचा झोका बांधायच्या हे निवाड्यात आहे का? आणि बाईचं नाव तर कागदावर जवळजवळ नसतंच. सातबारा पुरुषाचा, निवाडा पुरुषाचा. माझ्या आजीने त्या घराची भिंत दरसाल स्वतः सारवली, कागदावर घर आज्याचं. पांडवांचं म्हणाल तर देऊळ पांडवांनी बांधलं नाही हे आजीला पण माहिती असतं हो, ती देऊळ फार जुनं आहे एवढंच सांगत असते.

मोडीवाला
बाईचं नाव कागदावर नसतं हे शंभर टक्के मान्य. एकावर एक ठेवून बघावं एवढंच म्हणणं आहे. कागद घेऊन माणसासमोर बसलात तर माणूस जास्त बोलतो हा माझा अनुभव आहे, "अठरा आंबे लिहिलेत आजोबा" म्हटलं की ते लगेच उसळून म्हणतात "अठरा कुठलं, तेवीस होते, पाच त्यांनी मोजलेच न्हाईत" आणि पुढं तासभर थांबत नाहीत.

ओवीवाली
बायकांचं निघालंय म्हणून लिहिते. आजीला प्रश्न विचारत बसू नका, जात्याजवळ बसवा. जातं नसलं तरी चालेल, हाताला काहीतरी काम द्या, शेंगा फोडायला द्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर आहेत, आता परी (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्यात सासर माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, आंबेडकरांच्या ओव्या सुद्धा आहेत. ज्या बाईने मुलाखतीत "मला काय ठावं, त्यास्नी इचारा" म्हणून नवऱ्याकडे बोट दाखवलं तीच बाई गायला लागली की नदी, घाट, उतार, कुठल्या गावाला कुठनं वाट, सगळं येतं. नवरोबांना मात्र तेवढा वेळ चहा प्यायला बाहेर धाडा.

भिगवणी_मासा
नवरोबांना आमच्याकडे धाडा, चिलापी खाऊ घालतो :)
तसं विषयाला धरूनच आहे. धरणाच्या आधी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं, काकड्या, खरबुजं लावायचे. वाळूत खड्डा घ्यायचा, शेणखत घालायचं, वेल पसरायचा, रातभर राखणीला झोपायचं. आता त्याच जागेवर जाळी टाकतात. माझे चुलते मासेमारी करतात, त्यांना पाण्याखाली कुणाची विहीर कुठं आहे हे जाळं अडकतं त्यावरनं पाठ आहे. त्यांचं पण रेकॉर्डिंग करा, जुनं गाव त्यांनी पण बघितलेलं नाही पण नकाशा डोक्यात आहे.
आणि डिकसळचा पूल विसरू नका. जुनी रेल्वे त्यावरनं जायची, रूळ दुसरीकडनं गेले आणि मग करमाळ्याकडे जायला तोच रस्त्याचा पूल झाला. त्या गाडीने शाळेला गेलेली माणसं अजून आहेत.

सांगेकार
आमच्या गोव्यातलं सांगतो, सांगे तालुक्यातलं कुर्डी. साळावली धरणात गेलं. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि मूळ गावकरी, वाडे आणि वालकिणीला वसवलेले, सगळे तिथं जमतात. देवाचा उत्सव होतो, ख्रिश्चन बांधव त्यांच्या प्रार्थनेला येतात. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच. तिथलं कदंब काळातलं महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन परत उभं केलं. देऊळ हलवता आलं, घरं नाही.

माझा सल्ला असा की म्हाताऱ्यांना घरात बसवून विचारण्यापेक्षा पाणी खाली गेलं की जागेवर न्या. माझी आत्या बारा महिने गप्प असते, तिथं गेली की चुलीच्या जागेवर जाऊन उभी राहते आणि "हंय कोळंबी भाजताली" पासून सुरू होते.

अवकाश_वेडा
एक भन्नाट गोष्ट सांगतो. अमेरिकेने १९६० ते १९७२ मध्ये कोरोना नावाचे हेरगिरी उपग्रह सोडले होते, ते फोटो १९९५ ला खुले केले. यूएसजीएस म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या साइटवर जागा निवडून शोधता येतात, काही फुकट, काही पैसे भरून. भारताचे पण आहेत. म्हणजे उजनी भरायच्या आधीची भीमा, जुनी गावं, वाटा, रेल्वेचा जुना मार्ग त्यात सापडायची चांगली शक्यता आहे. एकेक घर ओळखू येईलच असं नाही पण गावाचा आकार, ओढे, रस्ते कळतात. भीमाकाठ, तुमच्या गावाचं नाव व्यनि करा, मी शोधून देतो.

भीमाकाठ
अवकाश_वेडा, व्यनि केलाय!!

न्यूजर्सीकर
आम्ही लांब असलेल्यांनी काय करावं? आई सांगली जिल्ह्यात आहे, व्हिडिओ कॉलवर विचारलं की नेटवर्क जातं. आमच्याकडे हेळवी यायचा, घराण्याची वही वाचून दाखवायचा, पिढ्यान् पिढ्यांची नावं. आता येतो का कुणाला माहिती?

कोल्हापुरी_तिखट
येतात की. पूर्वी बैल घेऊन यायचे, आता गाडीनं येतात. वाचताना समोर फोन ठेवून रेकॉर्ड करा, पण आधी विचारा, वही त्यांची आहे, आणि दक्षिणा नीट द्या. आईचं म्हणाल तर व्हिडिओ कॉल सोडा, रोज रात्री एक प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, तिला सवडीनं व्हॉइस मेसेज करू दे. दोन मिनिटाचे तुकडे जमत जातात. फक्त ते लगेच फोनमधून काढून ठेवा आणि फाइलला नाव द्या, "ऑडिओ ००४७" असं राहिलं तर पुढं कुणी उघडणार नाही. नाव, गाव, विषय, तारीख.

मधल्या_आळीतली
परवानगीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे एका होतकरू मुलाने आजोबांची मुलाखत यूट्यूबवर टाकली, त्यात त्यांनी सहज सांगितलं की अमक्याने बांध कोरला आणि संकलनाच्या म्हणजे धरणग्रस्तांच्या यादीत तमक्याचं नाव मागनं घुसवलं. झालं, दोन घरात बोलणं बंद, आजोबांना मनस्ताप. आधी विचारा, नंतर ऐकवा, आणि ते म्हणाले "हे काढ" तर मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा पण बाहेर टाकू नका. सगळं सगळ्यांना ऐकवायची घाई कशाला.

भीमाकाठ
मंडळी, बऱ्याच दिवसांनी परत आलो, काय झालं ते सांगतो.

मारुतीच्या देवळात खडूने फरशीवर नदी काढली. फक्त नदी आणि देऊळ. आणि आत्या, आबा, आणखी काही म्हातारी माणसं बसवली. गावकुस यांचं वाचून वस्तीतल्या दोन आजींना मुद्दाम घरी जाऊन बोलावलं होतं. पहिला अर्धा तास कुणी बोलेना. मग आत्याने पिशवीतनं मूठभर शेंगा काढल्या आणि एकेक शेंग ठेवायला लागली, हे सुताराचं घर, ही तालीम, ही आपली आळी. आबा म्हणाले चावडी तालमीच्या उजव्या अंगाला. आत्या म्हणाली डाव्या. आबा म्हणाले मी रोज जात होतो, आत्या म्हणाली तुम्ही घोड्यावानी जात होता, मी डोक्यावर हंडा घेऊन जात होते, मला पायाखालचा दगड न् दगड ठावं. शेवटी आत्याचं खरं निघालं, गावनकाशात (मोडीवाला यांनी सांगितला तो, तालुक्याला मिळाला) चावडी डाव्या बाजूलाच आहे.

मग वस्तीतल्या आजी पुढं सरकल्या आणि त्यांनी ओढ्याच्या पलीकडे शेंगा मांडल्या. तिथली घरं आमच्या एकाही माणसाला सांगता आली नव्हती. पाणवठा वेगळा होता, तो त्यांनी दाखवला, आणि "पूर आला की पयलं पाणी आमच्यात शिरायचं, मग गावात" असं सांगितलं. आबा काही बोलले नाहीत पण नंतर त्यांनी पुराच्या रात्री कोण कुठं चढून बसलं ते सांगितलं, ते आम्ही कुणीच आजवर ऐकलेलं नव्हतं. सगळं रेकॉर्ड झालंय, फरशीचा वरून फोटो काढलाय, शेंगांवर आकडे टाकून नावांची यादी केलीय. कोंबडीने दोन घरं खाल्ली पण फोटो आधी काढला होता :)

आता राहिलेला प्रश्न, ठेवायचं कुठं?

जुनाकॅमेरा
वाचून फार बरं वाटलं. तीन प्रती ठेवा. एक तुमच्याकडे हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे. हार्डडिस्क वर्षातनं एकदा चालू करून बघायची. नुसत्या पेनड्राइव्हवर विसंबू नका. आणि नकाशा आणि फोटो मोठ्या कागदावर छापून शाळेत लावा, छापील गोष्टीला चार्जर लागत नाही.

गावकुस
आजींना घरी जाऊन बोलावलंत त्याबद्दल मनापासून आभार. छापाल तेव्हा ज्या घरांचे फोटो नाहीत त्यांची जागा रिकामी ठेवून खाली नाव लिहा. जागा दिसली पाहिजे.

भीमाकाठ
तसंच करतो, नाव आणि शेंगेचा आकडा दोन्ही टाकतो.

कोयनामाई
१ मे ची ग्रामसभा असते, तेव्हा सगळे जमतात. नकाशा भिंतीला लावा, बाजूला पेन्सिल टांगून ठेवा. ज्याला जे चुकलंय वाटेल ते तो लिहील. आणि मे मध्ये पाणी पण उतरलेलं असेल, सांगेकार म्हणतात तसं आत्यांना जागेवर न्या.

भीमाकाठ
आत्याला विचारलं. म्हणाली चिखल असतोय, वाळल्यावर जाऊ, आणि वस्तीतल्या त्या दोघींना पण गाडीत घे. जीप बघतोय. जुनाकॅमेरा, तुमचा स्कॅनर त्या आठवड्यात मिळंल का?

जुनाकॅमेरा
स्कॅनर पण येतो आणि मी पण येतो. लाइट किती वाजता जाते तेवढं सांगून ठेवा.

भिगवणी_मासा
नाव आमची. चुलत्यांना सांगितलंय.